सीओपीडी, जुना दमा, टीबीनंतरची फुप्फुसं : धाप कुठली आणि घबराट कुठली? (सोलापूर धागा)

देगावनाका :
श्वासाचा पंप चालू आहे, बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं मशीन ९३ दाखवतंय, एक्स-रे सहा महिन्यांपूर्वीसारखाच आहे. तरी माणूस रात्री दोनला उठून खिडकीचे गज धरून बसतो. घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'मनाचं आहे, लक्ष देऊ नका.' दुसरा म्हणतो, 'दम वाढलाय, ॲडमिट करा.' दोघंही निम्मे बरोबर असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आधी आत काय होतं ते. सीओपीडीत, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात, त्यामुळे हवा आत जाते पण बाहेर यायला वेळ घेते. मिनिटाला १८ श्वास असतील तर एका श्वासाला सव्वातीन सेकंद मिळतात. घाबरून वेग ३० वर गेला की उरतात दोन सेकंद. तेवढ्यात आतली हवा पुरती निघत नाही आणि पुढचा श्वास त्या उरलेल्या हवेवर चढतो. छाती फुगलेलीच राहते, खालचा श्वासपटल सपाट होतो, आणि सपाट झालेल्या पडद्याला ओढायला जागाच नसते. म्हणजे सुरुवात घबराटीने झाली तरी नंतरची धाप खरीच असते. 'उगाच घाबरतोस' हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे.

फुप्फुस ताठर होण्याच्या आजारात, म्हणजे आयएलडीत, गणित वेगळं. तिथे बसल्याजागी ९४ असलेला ऑक्सिजन वीस पावलांत ८५ वर येऊ शकतो. त्या रुग्णाला 'घाबरट' ठरवण्याआधी चालवून मोजायचं. बसवून मोजलेला आकडा तिथे फसवतो.

उदासीचा रस्ता गुपचूप चालतो. धाप लागते म्हणून जिना बंद, मग बाजार बंद, मग ओसरीसुद्धा बंद. पायाचे स्नायू वाळतात, वाळलेले स्नायू थोड्या कामातच थकतात, आणि पूर्वी शंभर पावलांना लागणारी धाप तिसाला लागते. घरचे समजतात फुप्फुस आणखी गेलं. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, केली तर आकडा जवळपास तोच निघतो.

कडकभाकरी :
आजारच असा आहे ओ, माणूस उदास होणारच. त्याला लगेच 'डिप्रेशन' म्हणून गोळी कशाला लावायची?

मनोमन :
रास्त प्रश्न. दुःख आणि नैराश्य यांत फरक करायला सुरुवातीला दोन प्रश्न पुरतात, आणि ते मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचे. एक, कशात रस वाटत नाही, मन लागत नाही असं किती दिवस झालं? दोन, उदास किंवा हताश किती दिवस वाटलं? एकदाही नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरायची. तिची बेरीज २७ पर्यंत जाते आणि १० किंवा जास्त आली की डॉक्टरांशी बोलायचं. चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७ आहे, तिथे कमाल २१ आणि सीमारेषा तीच, १०.

फुप्फुसाच्या रुग्णात एक अडचण हमखास येते. नऊपैकी झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न आजारानेही भरतात. रात्री खोकला आहे म्हणून झोप नाही, तर त्याचे ३ गुण नैराश्याच्या खात्यात पडतात. म्हणून बेरीज बघून थांबायचं नाही, गुण कुठून आले ते बघायचं. झोप-थकवा-भूक मिळून ८ आणि बाकी सगळं शून्य असेल तर आधी खोकला, रात्रीचा ऑक्सिजन आणि घोरणं तपासायचं. उलट पहिले दोन प्रश्न आणि 'मी घरच्यांवर ओझं आहे' हा सूर भरलेला असेल तर बेरीज ९ असली तरी दुर्लक्ष करायचं नाही. एचएडीएस नावाची चौदा प्रश्नांची चाचणी रुग्णालयातल्या रुग्णांसाठीच बनवली आहे. तिच्यात शारीरिक लक्षणं जवळजवळ वगळली आहेत, म्हणून या रुग्णांत ती सोयीची पडते.

कडकभाकरींच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. नातू आला की हसतो, क्रिकेट लावलं की बघतो, तो दुःखी आहे. नातू आला तरी भिंतीकडे तोंड करून पडतो आणि हे रोजचं झालंय, त्याला उपचार लागतो.

नववा प्रश्न सोडू नका. 'मेलो तर बरं' असं मनात येतं का, हे सरळ मराठीत विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो आलं तर एकटं ठेवायचं नाही, गोळ्यांचा डबा घरच्यांनी स्वतःकडे घ्यायचा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात.

औषधविक्या :
मानसोपचारापर्यंत जाण्याआधी औषधांचा डबा उघडा. निम्मी घबराट तिथे सापडते.

साल्बुटामॉलचा पंप. हात थरथरणं, छातीत धडधड, ही त्याचीच कामं. घाबरला की दोन पफ, धडधडलं की वाटतं आजार वाढला, पुन्हा दोन पफ. २०० पफांचा डबा महिन्यात संपत असेल तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दम्याच्या रुग्णात हा धोक्याचा इशारा आहे, मुख्य आजार ताब्यात नाही असा त्याचा अर्थ.

थिओफायलिन, डेरीफायलिन वगैरे, नळ्या उघडणारी औषधं. बेचैनी, मळमळ, झोप उडणं. यातली गोम अशी की सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सोबत दिलं की रक्तातली पातळी वाढते. बिडी सोडली तरी वाढते, कारण बिडीच्या धुराने यकृत हे औषध भराभर फोडत असतं आणि धूर बंद झाला की तो वेग उतरतो. दवाखान्यात ॲडमिट झालेला, बिडी बंद झालेला, अँटिबायोटिक चालू असलेला माणूस तिसऱ्या दिवशी कापतो आणि सगळे म्हणतात 'बिडीची तलफ'. कधी तलफ असते, कधी थिओफायलिन असतं.

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी. झोप जाणं, चिडचिड, उगाच रडू, काहींना अवाजवी उत्साह. सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, रात्री नाही. पाच दिवसांचा कोर्स पाच दिवसांत थांबतो. महिनोन् महिने चालू असेल तर एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची.

माँटेलुकास्ट. सर्दीच्या गोळीसोबत जोडून सर्रास मिळते, लोक तिला ॲलर्जीची साधी गोळी समजतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर सर्वांत कडक चौकटीतला इशारा टाकला : वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार. सगळ्यांना होत नाही. पण गोळी सुरू झाली आणि स्वभाव बदलला असं दिसलं तर तारखा जुळवून बघा आणि डॉक्टरांना सांगा.

टीबीची वेगळी नोंद. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत सायक्लोसेरिन असेल तर नैराश्य आणि भ्रम दोन्ही होऊ शकतात. लिनेझोलिड हे टीबीचंच दुसरं औषध चालू असताना नैराश्याची गोळी सुरू करायची झाली तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, गोंधळ होतो.

आणि चहा. दिवसात आठ कप कडक चहा पिणाऱ्याने धडधडीचं कारण आधी कपातही शोधावं.

होटगीरोड :
झोपेसाठी अल्प्राझोलम ०.२५ चालतं का? मेडिकलवाले देतात.

देगावनाका :
चिठ्ठीशिवाय देऊ नयेच, ते एच-१ यादीतलं औषध आहे, विक्रीची नोंद ठेवावी लागते. सीओपीडीत मुख्य भीती अशी की ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला आहे त्याचा श्वास या गोळीने मंदावतो. सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या, बोलणं असंबद्ध, ही साठल्याची चिन्हं. सोबत दारू किंवा खोकल्याचं कोडीनवालं औषध असेल तर धोका कितीतरी वाढतो. म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती वेगळी. आणि जो सहा महिने रोज घेतोय त्याने हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. आठवड्या-आठवड्याने उतरवतात, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

खऱ्या नैराश्याला सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम यांसारख्या गोळ्या वापरतात. सर्ट्रालिन साधारण २५ पासून सुरू करून ५० वर नेतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी वाढते, नेमकी तिथेच लोक गोळी फेकतात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायची. सवय लागते हा गैरसमज अल्प्राझोलमवरून इकडे आलाय. वयस्कर माणूस रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेत असेल तर दोन आठवड्यांनी सोडियम तपासा, कमी झालं तर गुंगी आणि गोंधळ होतो. ॲस्पिरिन चालू असेल तर तेही सांगा, रक्तस्राव वाढू शकतो. थिओफायलिन चालू असेल तर फ्लुवोक्सामिन ही नैराश्याची गोळी टाळतात, तिने थिओफायलिनची पातळी चढते.

आणि नैराश्य नसताना नुसती धाप कमी व्हावी म्हणून या गोळ्या देऊन उपयोग नाही. मिर्टाझापिन या नैराश्याच्या गोळीची त्यासाठी मोठी चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला, धाप कमी झाली नाही.

जुळे_फिजिओ :
आता झटका आला की नेमकं काय करायचं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाईत सगळे आधी पंप दाबतात आणि चुकीचा दाबतात.

पहिलं बसणं. खुर्चीत पुढे झुकून कोपर मांड्यांवर टेकवायचे. खुर्ची नसेल तर भिंतीला ढुंगण टेकून हात गुडघ्यांवर. हात टेकले की खांद्याचे स्नायू छाती ओढायच्या कामाला येतात. आडवं झोपवू नका.

मग ओठ. नाकातून दोन आकडे मोजेपर्यंत श्वास आत, मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार आकडे बाहेर. जोर लावून ढकलायचं नाही, फक्त वेळ वाढवायचा. ओठांच्या अडथळ्यामुळे नळ्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते. 'खोल श्वास घे, खोल श्वास घे' असं शेजारून ओरडणारे नातेवाईक इथे नुकसान करतात. आधीच फुगलेल्या छातीत आणखी काय भरणार? 'सोड, हळू सोड' एवढंच म्हणा.

सोबत वारा. छोटा बॅटरीचा पंखा चेहऱ्यापासून साधारण वीतभर अंतरावर, गालावर आणि नाकाजवळ. चेहऱ्याच्या मज्जातंतूंना गार हवा लागली की मेंदूला जाणवणारी धाप कमी होते. पुठ्ठाही चालतो. मात्र मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत तो पंखा गरम झळ फेकतो. तेव्हा ओला रुमाल चेहऱ्यावरून फिरवून मग पंखा धरायचा.

पंप हवाच असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून. घाबरलेला माणूस झटकन हवा ओढतो आणि औषध घशात आपटून तिथेच राहतं. पंप हलवून एक पफ स्पेसरमध्ये, चार-पाच साधे श्वास, अर्धा ते एक मिनिट थांबून दुसरा. कॅप्सूलवाल्या रोटाहेलरला उलट जोराचाच श्वास लागतो, त्यामुळे झटक्यात तो बऱ्याच जणांना जमत नाही.

हे रोज दोनदा, धाप नसताना, पाच-पाच मिनिटं करून ठेवायचं. झटक्यातच पहिल्यांदा शिकवलं तर कुणाला जमत नाही.

कडकभाकरी :
कपालभाती चालते का?

जुळे_फिजिओ :
धाप असलेल्या सीओपीडीत नको. भराभर फेकलेल्या श्वासाने हवा अडकते. कुंभकही नको. भ्रामरी चालते, कारण तिच्यात श्वास सोडणं लांबतं.

चालण्याबद्दल. श्वसनपुनर्वसन म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, किमान सहा ते आठ आठवडे, देखरेखीखाली व्यायाम आणि शिकवणी. चिंता आणि नैराश्य दोन्ही त्याने कमी होतात. केंद्र जवळ नसेल तर घरी असं : दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, पाच फेऱ्या. धापेला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा, ३-४ वर ठेवायची. दोनच्या खाली असेल तर फार हळू चालताय, सहाच्या वर गेली तर थांबा. दर आठवड्याला चालण्याची वेळ अर्ध्या मिनिटाने वाढवा. त्याशिवाय खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आठ वेळा, दोनदा. हातांसाठी लिटरभर पाण्याची बाटली. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, जानेवारीत शेकोट्यांचा धूर बसल्यावर, म्हणजे नऊनंतर. कंबर तलावाकडची सपाट वाट किंवा सिद्धेश्वर मंदिराचं आवार बरं, दर थोड्या अंतरावर टेकायला जागा मिळते. 'पुढे बसायला काही नसेल तर?' या भीतीनेच निम्मे लोक घराबाहेर पडत नाहीत.

साखरपेठ :
पूर्व भागातल्या दोन गोष्टी जोडतो.

सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, दम लागतो, पुढच्या दिवसांत थोडं सुटतं. मुकादमाला वाटतं कामाची टाळाटाळ, घरच्यांना वाटतं कामाची भीती. चिंतेचा आजार ठरवण्याआधी कामाचे आणि सुट्टीचे दिवस आणि त्रासाची वेळ पंधरा दिवस वहीत मांडा. पीक फ्लो मीटर (फुंकरीचा वेग मोजायची नळी) असेल तर पाळीआधी आणि पाळीनंतर तीन-तीन फुंकरी, त्यातला मोठा आकडा. पाळीनंतर आकडा पडत असेल तर दोष धुळीचा.

दुसरं, भाषा. विडी वळणाऱ्या बऱ्याच बाया घरात तेलुगू बोलतात, सीमेकडचे लोक कानडी. मराठी प्रश्नावली वाचून दाखवली की 'हो हो' म्हणतात. पीएचक्यू-९ तेलुगू आणि कानडीतही आहे, तीच वापरा. 'डिप्रेशन' विचारलं तर नाहीच म्हणणार. 'जीव घाबरा होतो का, रात्री कसंतरी होतं का, विडी वळायला हात चालतो का' असं विचारलं की बोलतात. वळलेल्या विड्यांचा रोजचा आकडा हे तर मोजमापच आहे. छाती तीच असून आकडा निम्म्यावर आला तर विचारपूस करा. चूल, मिश्री आणि तंबाखूची धूळ एकाच घरात असतात, तेही लिहून घ्या.

सिव्हिलमध्ये छातीचा आणि मनोविकाराचा दोन्ही विभाग आहेत. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून लोक जात नाहीत, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडूनच चिठ्ठी लिहून घ्या, 'झोप आणि धडधड यासाठी' असं सांगून. खोटं काहीच नाही त्यात.

होटगीरोड :
घरी ऑक्सिजन मशीन आहे. लाइट गेली की आजाराने नाही, भीतीनेच दम लागतो. काय करावं?

ऑक्सिजनवाला :
ही भीती आकड्यांनी कमी होते. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हातात येतात फारतर १२५०. म्हणजे साडेतीन तास, तेही बॅटरी नवी असेल आणि त्यावर दुसरं काही नसेल तर. टीव्ही आणि पंखे त्याच इन्व्हर्टरवर असतील तर दोन तास धरा.

त्यामागे बी-टाइप सिलिंडर. त्यात सुमारे १५०० लिटर असतात. मिनिटाला २ लिटरने १२ तास, ४ लिटरने सहा. हा हिशेब मोठ्या अक्षरात लिहून सिलिंडरवरच चिकटवा, रात्री अंधारात रुग्णाला वाचता आला पाहिजे. चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा. महिन्यातून एकदा दिवसाउजेडी लाइट मुद्दाम बंद करून सिलिंडरवर जायची तालीम करा, रुग्णाच्या हातून.

उन्हाळ्यात एक फसवणूक होते. बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये दुपारी त्याहून वर जातं, मशीन गजर देतं किंवा ऑक्सिजनची शुद्धता घसरते. भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, मागची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवा, दुपारी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा.

देगावनाका :
यात एक भर. ऑक्सिजन हे धापेचं औषध नाही, कमी ऑक्सिजनचं आहे. आराम करताना ८८ किंवा खाली असेल तर घरी दिवसाला किमान १५ तास लावायला सांगतात. सीओपीडीत लक्ष्य ८८ ते ९२. 'बरं वाटतं' म्हणून २ चा प्रवाह ५ करणं म्हणजे कार्बन डायऑक्साइड साठवणं. रुग्णाला गुंगी येते आणि घरचे समजतात शांत झोपला.

आता हा सगळा धागा बाजूला ठेवून थेट १०८ लावायचं कधी : ओठ निळे, वाक्य पूर्ण करता येत नाही, आकडा नेहमीपेक्षा चार-पाचने खाली आणि फुंकरीने दहा मिनिटांत वर येत नाही, एका बाजूला अचानक कळ (फुप्फुसाभोवती हवा शिरलेली असू शकते), छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, गोंधळ किंवा गुंगी. ताप आणि कफाचा रंग हिरवा-पिवळा होणं यासाठी त्याच दिवशी डॉक्टर. निव्वळ घबराटीत आकडा सहसा नेहमीचाच राहतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, आणि दहा-वीस मिनिटांत ओसरतं. शंका आली तर घबराट समजू नका.

होटगीरोड :
आकडा दर पाच मिनिटांनी बघितला जातो, त्याचं काय?

मनोमन :
वेळ बांधा. सकाळी, संध्याकाळी आणि चालून आल्यावर, वहीत लिहून मशीन कपाटात. मधे घबराट झाली तर आधी पाच मिनिटं फुंकर, मग मोजणं. नेहमीचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा, म्हणजे ९१ दिसल्यावर तुलना ९९ शी होणार नाही.

साखरपेठ :
गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत काय करायचं? होम मैदानावर धूळ आणि दारूकामाचा (आतषबाजीचा) धूर, दोन्ही.

जुळे_फिजिओ :
दारूकामाची रात्र टाळा, यात्रा टाळू नका. दुपारी अकरा ते एक गर्दी कमी असते, तेव्हा जा. मास्क लावा, पंप आणि स्पेसर सोबत्याच्या नाही, रुग्णाच्या खिशात ठेवा. जाताना परतीची रिक्षा कुठे मिळेल ते ठरवून जा. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, दुसऱ्या दिवशी आत.

औषधविक्या :
आणि यात्रेत नखांना गडद रंग किंवा काळी मेंदी लावून आलात तर त्या बोटावर ऑक्सिमीटर लावू नका. हात गार असतील तर आधी चोळा, आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या.